कन्नड लोकसाहित्यातील स्त्रीजीवन

कन्नड ग्रामीण स्त्रियांनी दळताना, पाळणा हालविताना व लग्नकार्यात गाइलेली गीते आणि घरात सांगितलेल्या कथा ह्यांतून त्यांच्या संसाराचे व प्रेमभावनेचे चित्र उमटते. ह्या गीतांचा प्रमुख छंद त्रिपदी हा असून बादामी येथील कप्पे अरभट्टाच्या शिलालेखात (इ. स. सु. ७००) त्याचे जुने रूप आढळते. विजयपुरा (पूर्वीचा विजापूर) जिल्ह्यातील हलसंगी येथील साहित्यप्रेमींनी केलेले गरतिय हाडु (१९३१) हे ह्या गीतांचे महत्त्वाचे संकलन होय.

‘गरती’ म्हणजे कुलीन गृहिणी. मराठीतही हा शब्द ह्याच अर्थाने रूढ आहे. संकलनाचे हे शीर्षक गीतांची थोरवी सांगते, तशीच मर्यादाही. माहेर व भाऊ ह्यांविषयी गाणारी मोकळेपणाने बोलते. पतिप्रेम मात्र प्रतीक्षा, रुसवा व थट्टा ह्यांच्या आडून व्यक्त होते. जात्यावरचे गाणे सासरच्या माणसांच्या कानांवर पडणारच, ही जाणीव त्यामागे असावी.

केरेगे हार ह्या कथागीतात ही मर्यादा शोकात्म होते. तळ्याला पाणी लागावे म्हणून गौडाची धाकटी सून भागीरथी हिचा बळी ठरतो. माहेरी ती खरे कारण सांगत नाही. सैन्यात असलेला पती परततो व त्याच तळ्यात उडी घेतो. ह्या गीताकडे केवळ त्यागाचा गौरव म्हणून पाहणे अपुरे आहे. सुनेची संमती कोणीही विचारीत नाही, हेही गीतच दाखविते.

गीत जे सूचित करते, ते कथा अद्भुताच्या आश्रयाने उघड सांगते. ए. के. रामानुजन यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कथासंग्रहात (१९९७) फुलझाड होणाऱ्या मुलीची कथा आहे. नणंदेच्या हट्टामुळे तिच्या फांद्या मोडतात व तिला मूळ देह पूर्णपणे परत मिळत नाही. पतीच्या शुश्रूषेनेच ती पुन्हा पूर्ण होते. प्रणयाची कसोटी येथे सौंदर्य नसून जपणूक ही आहे. दुसऱ्या एका कथेत, गृहिणीने मनातच कोंडून ठेवलेली कथा व गाणे जोडा व अंगरखा बनून बाहेर पडतात आणि पतीच्या मनात संशय उत्पन्न करतात. गिरीश कार्नाड यांनी नागमंडल (१९८८) ह्या नाटकाच्या प्रारंभी तिचा उपयोग केला आहे.

ही गीते व कथा एकत्र वाचल्यासच गरतीच्या मौनाचा अर्थ उलगडतो. गीतांतील सोशिकपणा हेच स्त्रीचे संपूर्ण मनोगत मानणे त्यामुळे एकांगी ठरते.