'मित्राची' की 'मित्रेची'?

विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. नायिका सुमित्रा, जवळची माणसे तिला 'मित्रा' म्हणतात. सीता–सीतेची, रमा–रमेची या जुन्या वळणाने जायचे तर शीर्षक 'मित्रेची गोष्ट' असावयास हवे. 'मित्राची' म्हणताच कानास प्रथम पुल्लिंगी 'मित्र' ऐकू येतो. नाटकाचा सारा प्रश्न, आणि आमच्या मते त्याची उणीवही, या एका प्रत्ययात साठवली आहे.

आपल्या भाषेत 'लिंग' हा एकच शब्द फार ओझे वाहतो. नामाचे लिंगही तेच आणि देहाचे लिंगही तेच. समाजाने घालून दिलेल्या बाईपणाच्या व पुरुषपणाच्या रीतीस अभ्यासकांनी 'लिंगभाव' हा निराळा शब्द योजला, तो योग्यच झाला. मनुष्य स्वतःस अंतर्यामी कोण मानतो, ही त्याची लिंगओळख. आणि त्याचे मन कोणाकडे ओढ घेते, हा त्याचा लैंगिक कल. या चार गोष्टी बहुतेकांच्या बाबतीत एका रेषेत येतात. म्हणून त्या एकच आहेत, असा आपला समज होतो. रेषा जेथे मोडते, तेथे साहित्याचे काम सुरू होते.

मित्रा महाविद्यालयीन नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि सहनायिका नमाच्या प्रेमात पडते. तिचा देह स्त्रीचा आहे; निराळा आहे तो केवळ कल. तथापि तिच्या प्रेमास वाट मिळते ती पुरुषी भूमिकेतून. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री म्हणजे आतून पुरुषच, या लोकसमजास तेंडुलकर धक्का देऊ पाहतात आणि नकळत त्याचाच आधार घेतात. शिवाय ही कथा आपल्याला ऐकू येते ती बापू या तिच्या मित्राच्या तोंडून. बापू सहृदय आहे, पण सांगणारा तोच. शेवटी मित्रा आत्मघात करते व प्रेक्षक हळहळून घरी जातो. हळहळणे सोपे असते. शेजारी राहू देणे अवघड.

त्या काळी याहून अधिक शक्य नव्हते, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस पुरते पटत नाही. सतीश आळेकरांचे 'बेगम बर्वे' १९७९ चे. उदबत्त्या विकणारा, एके काळी किरकोळ स्त्रीभूमिका करणारा बर्वे स्वप्नात बाई होतो. आळेकर त्याची कारणमीमांसा करीत नाहीत, म्हणून तो 'प्रकरण' न होता माणूस राहतो. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी बालगंधर्वांच्या तबकड्या भक्तिभावाने ऐकल्या. पुरुषाने नेसलेला शालू रंगमंचावर आपल्याला शोभला; पडदा पडल्यावर मात्र तोच शालू आपल्याला खुपतो.

मधला सांगणारा पुष्कळसा दूर झाला तो २०१२ साली, 'मी हिजडा, मी लक्ष्मी' या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आत्मकथनात. शब्दांकन वैशाली रोडे यांचे असले तरी 'मी' लक्ष्मीचा आहे. शिवीसारखा वापरला जाणारा शब्द येथे स्वतःच्या नावाशेजारी ताठ उभा राहतो. वाङ्मयीन बांधणीत तेंडुलकर, आळेकर पुष्कळ पुढे आहेत. पण 'मित्राची गोष्ट' वाचून जो प्रश्न उरतो, त्याचे उत्तर या पुस्तकात आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नव्हे. आपल्याच मध्य प्रदेशात शबनम मौसी सोहागपूरमधून विधानसभेवर निवडून आल्या. कटनीत कमला जान महापौर झाल्या. पण पद स्त्रियांसाठी राखीव होते, आणि २००२ साली न्यायालयाने त्यांस पुरुष ठरवून निवड रद्द केली. मतदारांनी माणूस निवडला होता. कायद्याने रकाना तपासला. आम्हीही नोकरीत असे रकाने भरून घेतले आहेत. एकदा समोर उभ्या व्यक्तीस न विचारताच कारकुनाने 'पुरुष' लिहिले आणि आम्ही खाली सही केली. त्या व्यक्तीने कागदाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता ती निघून गेली. ती सही आजही आम्हांस टोचते. पुढे २०११ च्या जनगणनेत 'इतर' हा रकाना आला आणि देशात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद त्यात झाली. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतःची ओळख मान्य केली. समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुसला गेला.

बऱ्हाणपुरात आपण घरी मराठी व बाजारात हिंदी बोलतो. हिंदीस दोनच लिंगे, मराठीस तीन. परंतु तिसऱ्या लिंगाचा आपण फार गर्व करू नये. लेकरास 'ते' म्हणण्यात माया आहे. जाणत्या माणसास एकवचनी 'ते' म्हणण्यात हेटाळणी आहे. व्याकरणाने जागा दिली, पण मान दिला नाही. तो आपण द्यावयाचा. समोरच्यास 'तो' म्हणावे की 'ती', हे त्यालाच किंवा तिलाच विचारावे, इतका साधा शिष्टाचार आम्ही सहीपूर्वी पाळावयास हवा होता.