धाव किती मोलाची?

कोणत्याही मोजमापाबाबत आधी विचारायला हवे की, हे माप नक्की कशाचे आहे? एल्डन आणि हार्लन मिल्स या अमेरिकन बंधूंचे ‘प्लेअर विन अ‍ॅव्हरेजेस’ (1970) हे बेसबॉलवरील पुस्तक या दृष्टीने आम्हाला शिक्षकांच्या कामाचे वाटते.

बेसबॉलमध्ये तीन खेळाडू बाद झाले की संघाचा डाव संपतो. तीन बेसपैकी कोणत्या बेसवर धावपटू उभे आहेत, याच्या 8 शक्यता. बाद खेळाडू 0, 1 किंवा 2. म्हणजे एकूण 24 परिस्थिती. प्रत्येक परिस्थितीपासून डाव संपेपर्यंत सरासरी किती धावा होतात, याचे कोष्टक कॅनडातील संशोधक जॉर्ज लिंडसे यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केले. सर्व बेस रिकामे आणि कोणी बाद नाही, तर 0.461 धावा, तिन्ही बेस भरलेले आणि कोणी बाद नाही, तर 2.220.

आता गंमत पाहा. तिन्ही बेस भरलेले असताना फलंदाजाने होमरन मारला, तर त्याच्या खात्यावर 4 धावा जमा होतात. पण कोणीच बाद नसेल, तर त्यातील सव्वादोन धावा तशाही अपेक्षितच होत्या. फटक्याची खरी भर 4 + 0.461 − 2.220, म्हणजे सुमारे 2.24 धावा. दोघे बाद असतील, तर हेच गणित 4 + 0.102 − 0.823, म्हणजे सुमारे 3.28 असे येते. फटका तोच, किंमत वेगळी!

मिल्स बंधू याच्याही पुढे गेले. धावांऐवजी त्यांनी सामना जिंकण्याची संभाव्यता घेतली. एकतर्फी सामन्यातील फटका आणि बरोबरीच्या सामन्यात अखेरच्या डावातील फटका यांना त्यांनी वेगवेगळे गुण दिले. संगणकाच्या साहाय्याने केलेले हे काम कल्पक आहे, यात शंका नाही.

आमचा आक्षेप निष्कर्षावर आहे. या गुणांवरून ते खेळाडूची योग्यता ठरवू पाहतात. परंतु बेस भरलेले असणे, सामना अटीतटीचा असणे हे फलंदाजाच्या हाती नसते. घटनेची किंमत आणि माणसाची क्षमता या भिन्न गोष्टी आहेत. 1977 मध्ये डिक क्रेमर यांनी मिल्स बंधूंचीच 1969 आणि 1970 या दोन हंगामांची आकडेवारी तपासली. मोक्याच्या क्षणी पहिल्या वर्षी चमकलेले खेळाडू दुसऱ्या वर्षीही तसेच चमकले, असे दिसेना. अर्थात यावरून असा गुण मुळी नसतोच, हेही सिद्ध होत नाही. यदृच्छेचा गोंगाट मोठा असेल, तर लहानसा खरा परिणाम त्यात बुडून जाऊ शकतो, हा बिल जेम्स यांनी 2004 मध्ये दिलेला इशारा आम्हाला योग्य वाटतो.

वरील वजाबाक्या आठवीतील मुलेही करू शकतील. त्या जरूर करून घ्याव्यात. आणि त्यानंतर आपल्या हातातील गुणपत्रिकेकडे पाहावे. एका दिवशी, एका प्रश्नपत्रिकेत मिळालेले गुण हे त्या घटनेचे माप आहे. ते मुलाच्या क्षमतेचे माप आहे असे म्हणण्याआधी, दुसऱ्या खेपेस तेच चित्र दिसते का, हे तपासण्याची जबाबदारी आपली आहे.