लेखनसंकल्पाची नोंद : लिनक्समधील एका योजनेची चिकित्सा

एकाच मजकुराच्या दोन प्रती दोन डिस्कांवर ठेवल्या, की त्या सदैव एकरूप राहतील ही अपेक्षा वीज अकस्मात खंडित होताच फोल ठरते. एका डिस्कवर लेखन पोहोचलेले असते, दुसरीवर नसते. आणि तफावत कोठे पडली हे सांगणारे काहीच मागे उरत नाही. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ मधील निबंधाने 'रेड' ही कल्पना रूढ केली खरी, परंतु तिची ही बाजू पुढे दीर्घकाळ जाचक राहिली. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदास २०० मेगाबाइट या गतीने आरंभापासून अखेरपर्यंत जुळवावयाची, तर ११ तासांहून अधिक काळ लागतो. आणि हे कशासाठी, तर कदाचित चारदोन ठोकळ्यांसाठी!

लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत (२००५) 'एमडी' या घटकास जोडलेला बिटमॅप हा यावरचा उपाय होय. डिस्कचे समान विभाग पाडून प्रत्येकास एक बिट द्यावयाचा, विभागात लेखन करण्यापूर्वी तो बिट डिस्कवर उमटवावयाचा आणि लेखन थांबून काही काळ लोटल्यावर तो पुसावयाचा, अशी ही योजना आहे. 'बदललेल्या ठोकळ्यांची यादी' असे तिचे वर्णन सर्रास केले जाते. ते यथार्थ नव्हे. येथे नोंद होते ती बदलाची नव्हे, संकल्पाची. बिट उमटलेला असणे म्हणजे तेथे तफावत असणे शक्य आहे, एवढेच. निष्कारण उमटलेल्या बिटाने थोडे श्रम वाया जातात. परंतु अकाली पुसलेल्या बिटाने विसंगती कायमची दडून राहते. म्हणूनच उमटविण्यात तत्परता आणि पुसण्यात आळस, हा विषमभाव या रचनेचा खरा गुण मानला पाहिजे.

त्याची किंमत अर्थातच आहे. विभाग ६४ मेगाबाइटचा धरला, तर उपर्युक्त डिस्कला सुमारे १ लाख २० हजार बिट, म्हणजे अवघे १५ किलोबाइट पुरतात. २०० बिट उमटलेले असले तरी जुळणी मिनिटभरात उरकते. उलट ४ किलोबाइटच्या एका लेखनापायी सबंध ६४ मेगाबाइट जुळवावे लागतात. विभाग लहान केल्यास ही उधळपट्टी टळते, पण बिट वारंवार उमटवावे लागून प्रत्येक वेळी डिस्कचे शीर्ष नोंदीच्या जागी धावते. नित्याचे लेखन मंद करून क्वचित घडणारी जुळणी आणखी काही सेकंदांनी आखूड करण्यात शहाणपण नाही. मोठ्या विभागाचा पक्ष येथे सबळ वाटतो.

योजनेच्या पुरस्कर्त्यांकडून अतिव्याप्ती होते ती अन्यत्र. जुळणीनंतर दोन्ही प्रती एकसारख्या होतात. त्यांतील नवी कोणती होती, हे बिटमॅपला ठाऊक नसते. बिट न उमटलेल्या भागात डिस्कनेच मजकूर बिघडविला असेल, तर तोही त्याच्या दृष्टीस पडत नाही. त्यासाठी संपूर्ण तपासणी अटळ आहे. 'रेड ५' मध्ये तर वीज जाणे आणि एक डिस्क निकामी होणे एकदम घडल्यास पॅरिटीवरून उभा केलेला मजकूर चुकीचा निघू शकतो. बिटमॅप हा धोक्याचा अवधी घटवितो, धोका मिटवीत नाही. तो मिटविण्यासाठी ४.४ या आवृत्तीत स्वतंत्र जर्नल आणि ४.१२ मध्ये आंशिक पॅरिटीची नोंद आणावी लागली.