टाइल, तराजू आणि स्लायडर : बीजगणिताच्या साधनांचे मूल्यमापन

अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत बीजगणिताच्या शैक्षणिक साधनांची स्तुती तुम्ही वाचली असेल. मुले हाताने काम करतात, अमूर्त गोष्ट मूर्त होते, वर्गात उत्साह येतो. हे सारे खरे आहे. पण त्यावरून साधन चांगले की वाईट हे ठरत नाही. साधनाला एकच प्रश्न विचारावा : ते कपाटात परत ठेवल्यावर विद्यार्थ्याच्या वहीत काय उरते? या टिपणात आपण तीन साधनांना हा प्रश्न विचारणार आहोत.

उदाहरणासाठी एक वर्ग डोळ्यांसमोर ठेवा. समजा, भिलाईच्या सेक्टर ६ मधील एखाद्या सीबीएसई शाळेत नववीच्या वर्गावर तुमचे सराव-पाठ आहेत. भिलाई इस्पात कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि कारखान्याबरोबर क्रमांकांच्या सेक्टरांचे हे नगर वाढले. रेल्वेचे रूळ कारखान्यात तयार होतात हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. ही माहिती आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

१. टाइल

बीजगणिताच्या टाइल तीन प्रकारच्या असतात : मोठा चौरस म्हणजे क्ष², लांब पट्टी म्हणजे क्ष आणि छोटा चौरस म्हणजे १. (क्ष + २)(क्ष + ३) हा गुणाकार करायचा तर या बाजूंचा आयत रचायचा. त्यात एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा छोटे चौरस बसतात. म्हणून उत्तर क्ष² + ५क्ष + ६. (अ + ब)² = अ² + ब² असे लिहिणाऱ्या मुलाला राहून गेलेले दोन आयत इथे डोळ्यांनी दिसतात. या एका कामासाठी टाइलइतके चांगले साधन क्वचितच सापडेल.

अडचण पुढे येते. एनसीईआरटीच्या माध्यमिक स्तरावरील गणित प्रयोगशाळा पुस्तिकेत (अ + ब)² चा उपक्रम आहे. पुठ्ठ्याचे तुकडे जोडल्यावर ‘निरीक्षण’ या भागात अ आणि ब प्रत्यक्ष मोजून किमती भरायच्या असतात. मुलगा ५ आणि ३ भरतो, ६४ = २५ + ३० + ९ असे लिहितो आणि खाली ‘सिद्ध झाले’ अशी ओळ टाकतो. वास्तविक इथे एका किमतीसाठी पडताळा झाला आहे. सिद्धता आधीच्या जोडणीत होती, कारण ती अ आणि ब च्या कोणत्याही धन किमतींना लागू पडते. पुस्तिकेच्या रचनेमुळे मात्र मुलाचे लक्ष जोडणीवरून मोजपट्टीकडे जाते. सीबीएसईच्या अंतर्गत मूल्यमापनातील २० गुणांपैकी ५ गुण प्रयोगशाळेच्या उपक्रमांना असतात. हे पाच गुण पूर्ण मिळवूनही बीजगणिताचा गाभा हुकू शकतो.

यावर उपाय सोपा आहे. एकक २ सेंमीचा असेल तर क्ष ची पट्टी १० सेंमीची कापू नका, ११.३ सेंमीची कापा. मग ‘क्ष म्हणजे पाच’ असे म्हणायची सोय राहत नाही.

दुसरी हद्द ऋण संख्यांची. बाजारातल्या संचात ऋण टाइल लाल रंगाची असते आणि एक लाल व एक हिरवी मिळून शून्य होते. बेरजेसाठी हे चालते. पण (क्ष − २)(क्ष − ३) मध्ये सहा छोटे चौरस धन का, याचे उत्तर रंग देत नाही. तो नियम शिक्षक बाहेरून आणतो. ऋण क्षेत्रफळ नसते. अशा वेळी साधन काही समजावत नाही, पाठ केलेला नियम रंगवून दाखवते.

२. भास्कराचार्यांचा धडा

रंग आणि क्षेत्रफळ या दोन्ही कल्पना आपल्याकडे जुन्या आहेत. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातील ग्रंथात पहिली अव्यक्त राशी ‘यावत्तावत्’ आणि पुढच्या राशी कालक, नीलक, पीतक, लोहितक अशा रंगांच्या नावांनी येतात. ऋण राशीसाठी मात्र तिथे आकृती नाही. अंकावर एक बिंदू दिला जातो. म्हणजे जे चित्रात मावत नाही ते चिन्हावर सोपवले आहे.

याच ग्रंथातील भावित प्रकरणातले एक उदाहरण घ्या. दोन संख्यांपैकी पहिलीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि २ यांची बेरीज त्या संख्यांच्या गुणाकाराइतकी आहे. संख्या कोणत्या? क्ष रुंदीचा आणि य उंचीचा कागदी आयत कापा. त्यातून ४ उंचीची आडवी आणि ३ रुंदीची उभी पट्टी काढा. दोन्ही पट्ट्या पूर्ण मोजल्या तर बाहेर २ उरायला हवेत; पण कोपऱ्यातला ३ × ४ = १२ हा भाग दोनदा मोजला गेला. म्हणून उरलेला आयत २ + १२ = १४ चा. १४ चे अवयव पाडले की धन पूर्णांकांतली उत्तरे मिळतात : (४, १८), (५, ११), (१०, ६), (१७, ५).

अशा प्रश्नांसाठी भास्कराचार्य दोन प्रकारच्या उपपत्ती मानतात : क्षेत्रगत आणि राशिगत. एक आकृतीने, दुसरी चिन्हांनी. आपल्या बहुतेक उपक्रमांत पहिली असते आणि दुसरीची जागा मोजमाप घेते. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

३. तराजू

समीकरणासाठी तराजू वापरतात. दोन्ही पारड्यांतून सारखेच काढले तर तोल टिकतो, हे २क्ष + ३ = ११ साठी उत्तम. ‘=’ म्हणजे ‘उत्तर लिहा’ अशी प्राथमिक शाळेपासूनची समजूत यामुळे मोडते. पण क्ष + ५ = ३ आले की तराजू थांबतो, कारण उणे दोनचे वजन पारड्यात ठेवता येत नाही. तराजू पहिल्या दोन-तीन तासिकांचे साधन आहे. ते ताणू नका.

४. स्लायडर

जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केले. त्यात स्लायडर सरकवला की किंमत बदलते आणि आलेखही हलतो. हे टाइलपेक्षा प्रगत साधन आहे असे समजले जाते. माझ्या मते ते वेगळ्या कामाचे साधन आहे.

आपण क्ष ला सरसकट ‘चल’ म्हणतो. पण २क्ष + ३ = ११ मधला क्ष चालत नाही; तो एक ठरलेला, फक्त लपलेला अंक आहे. जुना शब्द ‘अव्यक्त’ त्याला अधिक शोभतो. खरा चल भिलाईच्या रुळात पाहा. इथे २६० मीटर लांबीचे रूळ तयार होतात. पोलाद तापले की प्रसरण पावते. एवढा रूळ मोकळा ठेवला तर तापमान एक अंश सेल्सियसने वाढल्यावर तो सुमारे ३ मिलीमीटर वाढतो. तापमान त अंशांनी वाढले तर लांबी ल = २६० + ०.००३त मीटर. चाळीस अंशांच्या वाढीला ही वाढ सुमारे १२ सेंमी होते. इथे त खरोखर बदलतो आणि त्याच्यासोबत ल बदलतो. स्लायडर यासाठीच आहे. हे टाइलने दाखवता येणार नाही आणि अव्यक्त शोधायला स्लायडरची गरज नाही.

स्लायडरचा एक धोकाही लक्षात घ्या. स्मार्ट बोर्डावर तो शिक्षकाच्या बोटाने हलतो आणि चाळीस मुले पाहत बसतात. ‘आता रेषा कुठे जाईल?’ हे सरकवण्याआधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतले नाही, तर तो सिनेमा होतो.

५. निष्कर्ष

साधन निवडण्याआधी ठरवा की आज वर्गात अव्यक्त आहे की चल. गुणाकार आणि अवयवांसाठी टाइल, समानतेच्या अर्थासाठी तराजू, बदलासाठी स्लायडर. प्रत्येक वेळी आकृतीशेजारी तीच पायरी चिन्हांत लिहून घ्या आणि ऋण संख्या आली की साधन उघडपणे बाजूला ठेवा. साधन इथे का पुरत नाही, हे मुलांनाच विचारा. त्या उत्तरातून चिन्हांची गरज त्यांना पटते. महागड्या संचाची वाट पाहू नका. जुन्या वह्यांचे पुठ्ठे पुरतात.

स्वाध्याय

१. (क्ष − २)(क्ष − ३) चा विस्तार आधी टाइलने, मग वितरण गुणधर्माने करा. कोणत्या पायरीला टाइल कारण देत नाही, ते लिहा.
२. वरील भावित उदाहरणाची राशिगत उपपत्ती लिहा.
३. तुमच्या गावातील व्यवसायातून एक अव्यक्त आणि एक चल शोधा.