पीसीओएसग्रस्त स्त्रियांची देहप्रतिमा आणि लैंगिक स्वास्थ्य : एका प्रश्नावलीची चिकित्सा

१९३५ साली स्टाइन व लेव्हेंथल या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञांनी सात स्त्रियांच्या अभ्यासातून ज्या विकाराचे वर्णन केले, तो आज पॉलीसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम अर्थात पीसीओएस या नावाने ओळखला जातो. अनियमित पाळी, चेहऱ्यावरील केस, मुरमे, वाढते वजन व वंध्यत्व ही त्याची परिचित लक्षणे होत. या विकाराचा जीवनमानावरील परिणाम मोजण्यासाठी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पीसीओएसक्यू’ या प्रश्नावलीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२६ प्रश्नांची ही प्रश्नावली भावना, अंगावरील केस, वजन, वंध्यत्व आणि पाळीच्या तक्रारी अशा पाच गटांत विभागलेली आहे. तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. केस किती वाढले आहेत, हे फेरिमन-गॅलवे गुणांकावरून कळते. त्या केसांमुळे वाटणारा संकोच ही प्रश्नावली विचारते.

मात्र तिच्या मांडणीत एक गंभीर उणीव आहे. लैंगिक स्वास्थ्यासाठी तीत स्वतंत्र गट नाही. स्वतःच्या आकर्षकतेविषयीचा प्रश्न येतो तो वजनाच्या गटात, स्थूलतेशी जोडूनच. परंतु पीसीओएस असलेल्या सर्वच स्त्रिया स्थूल नसतात. हनुवटीवरील केसांमुळे पतीचा स्पर्श टाळणाऱ्या सडपातळ स्त्रीने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? वंध्यत्वाला मात्र स्वतंत्र गट आहे. परिणामी मूल न होण्याची चिंता मोजली जाते आणि पतिपत्नींमधील जवळीक नोंदीबाहेर राहते.

आपल्याकडेही लग्न ठरेपर्यंत मुलीच्या रूपाची आणि लग्नानंतर ‘गोड बातमी’ची चौकशी होते, तिच्या सुखाची होत नाही. अशा समाजात ही प्रश्नावली केवळ भाषांतरित करून वापरल्यास आपल्याच मौनाला शास्त्रीय आधार मिळण्याचा धोका संभवतो. हा विषय विचारताच येत नाही, असेही नाही. इराणमधील संशोधकांनी तेथील स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे ५० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आणि तीत लैंगिक जीवनाचा गट समाविष्ट केला. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही देहप्रतिमा व लैंगिक स्वास्थ्य यांची दखल घेण्यास सांगितले आहे.

म्हणून मराठी भाषक स्त्रियांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या संशोधकांनी प्रथम त्यांच्याशी, सासू वा पतीच्या अनुपस्थितीत, त्यांच्याच बोलीत संवाद साधावा. प्रश्नावलीचे शब्द त्या संवादातून यावेत, असे सुचवावेसे वाटते.