प्रयोग, संहिता आणि तालमीची वही

गणेशखिंड व खडकी यांच्यामधील माळावर 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्या दिवसाविषयी लिहू इच्छिणाऱ्या इतिहाससंशोधकास पत्रे, खलिते व नकाशे यांचा आधार मिळतो. पुढे त्याच परिसरात पुणे विद्यापीठ उभे राहिले आणि 1987 मध्ये तेथे ललित कला केंद्राची स्थापना झाली. संगीत, नृत्य व नाट्य हे या केंद्राचे विषय होत. या विषयांच्या संशोधकाची अडचण मात्र इतिहासकाराच्या अडचणीहून वेगळी आहे. त्याचे मूळ साधन पडदा पडताच नाहीसे होते. उरते ती संहिता, आणि संहिता म्हणजे प्रयोग नव्हे.

केंद्राच्या नावापुढे ‘गुरुकुल’ हा शब्द आहे, व तो केवळ शोभेचा नाही. गायन, नर्तन वा अभिनय यांतील पुष्कळसे ज्ञान गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात जाते. ते सांगण्याने नव्हे, करून दाखविण्याने पोहोचते. याउलट विद्यापीठाची पदवी लिखित प्रबंधावर आधारलेली असते. प्रबंध पुराव्याची मागणी करतो, आणि ती न्याय्यही आहे. तथापि लिखित पुरावा हाती नाही म्हणून नाट्याचा अभ्यासक हळूहळू वाङ्मयाच्या अभ्यासकाची वाट धरतो. तो कथानक, स्वभावचित्रण व आशय यांची चिकित्सा करतो आणि ‘प्रयोगमूल्ये’ या शीर्षकाखाली शेवटी चार पाने जोडतो. वस्तुतः त्या चार पानांचा विषय हाच त्याचा मुख्य विषय असावयास हवा होता.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात त्याचा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे, तर नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. रंगमंचावर ओळीने उभ्या राहणाऱ्या माणसांचाच पडदा होतो. तो डोलतो, गातो, पाठ फिरवितो, काही झाकतो आणि नेमके तेच उघड करतो. संहितेत या पडद्याची योजना वाचावयास मिळते. परंतु डोलण्याची लय, पाठ वळण्याचा क्षण आणि कीर्तनाच्या चालीतून लावणीकडे होणारा प्रवास हे सर्व तालमीत घडले. समूहाचे मौन हे सत्तेचे साधन कसे होते, हा त्या नाटकाचा आशय प्रेक्षकास प्रथम या हालचालींतून कळतो. संवादांतून तो नंतर पक्का होतो. केवळ छापील पुस्तकावरून त्याचे विवेचन करणारा समीक्षक चुकीचे बोलेल असे नाही, परंतु तो अपुरे बोलेल हे निश्चित.

यावर कोणी म्हणेल की चित्रमुद्रणाची सोय असताना ही तक्रार कालबाह्य ठरते. ‘घाशीराम’वर 1976 मध्ये चित्रपटही निघाला, आणि त्यात थिएटर ॲकॅडमीचे नट होते. पण कॅमेऱ्याने आपली चौकट निवडली की प्रेक्षकाची नजर त्या चौकटीत बांधली जाते, आणि नाट्यगृहात एकाच वेळी दिसणारी संपूर्ण रांग तुकड्यातुकड्याने दिसू लागते. तो चित्रपट ही स्वतंत्र कलाकृती होय. त्याला प्रयोगाची नक्कल समजणे हा दोन्ही कृतींवर अन्याय आहे. एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने केलेले साधे मुद्रण अधिक उपयुक्त खरे, पण तेही फळ दाखविते, फळ कसे धरले हे दाखवीत नाही.

दुसऱ्या टोकाचे मतही तितकेच सदोष आहे. प्रयोग हेच संशोधन, लेखनाची गरजच काय, असे काही उत्साही कलावंत म्हणतात. परंतु जे ज्ञान दुसऱ्याला तपासता येत नाही, ते कितीही मोलाचे असले तरी त्याला संशोधन म्हणता येणार नाही. येथे केंद्राच्या इतिहासातील एक गोष्ट लक्षणीय वाटते. 1996 पासून 2009 पर्यंत केंद्राची धुरा वाहणारे नाटककार सतीश आळेकर हे मूळचे जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक. प्रयोगशाळेत प्रत्येक प्रयोगाची वही असते. तीत फसलेल्या प्रयोगाचीही नोंद प्रामाणिकपणे करावी लागते. नाटकाला ‘प्रयोग’ म्हणणाऱ्या मराठी भाषेने हे साम्य आधीच सुचवून ठेवले आहे. उणीव आहे ती वहीची.

अशी तालमीची वही प्रबंधाचा गाभा व्हावी. एखादी हालचाल प्रथम कशी योजिली, ती का टाकली, नटाने कोणता पर्याय सुचविला, चाल कोणत्या दिवशी बदलली आणि तिच्याबरोबर अर्थ कसा बदलला, हे तीत तारीखवार यावे. याच ठिकाणी संज्ञापनाच्या अभ्यासकाची जोड हवी. वृत्तपत्र वा नभोवाणीच्या श्रोतृवर्गाचा विचार करणाऱ्या त्या शास्त्राने नाट्यगृहातील प्रेक्षकाकडेही वळावे. एकच वाक्य पुण्यात शांततेने ऐकले जाते आणि अन्यत्र त्याला हशा मिळतो, तेव्हा अर्थ कोठे घडला, हा प्रश्न दोन्ही अभ्यासक्षेत्रांचा सामाईक आहे.

या कामात दिरंगाई परवडणारी नाही. भास्कर चंदावरकर 2009 मध्ये निवर्तले. ‘घाशीराम’च्या चाली आज ऐकावयास मिळतात, पण अमुक चाल का निवडली, याचे उत्तर ज्यांच्यापाशी होते त्यांतील एक जण गेला. त्या तालमी पाहिलेली माणसे अद्याप आहेत, व त्यांच्या आठवणी पडताळून घेता येण्याजोग्या आहेत. गणेशखिंडीच्या माळावर दोन शतकांपूर्वी झालेल्या लढाईचा वृत्तांत अभ्यासकास मिळतो, कारण तो कोणी तरी वेळीच लिहून ठेवला. त्याच माळावर काल संध्याकाळी झालेल्या तालमीचा वृत्तांत उद्याच्या अभ्यासकास मिळू नये, ही स्थिती कोणत्याही विद्यापीठीय विभागास भूषणावह नाही.