पुस्तक कोणाच्या हाती द्यावं?

दिवा-रोहा मार्गावरच्या आमच्या जिते स्टेशनात दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात. नवी कादंबरी हवी तर पनवेल गाठायचं, नाही तर सरळ दादर. त्यामुळे माझ्या घरातल्या कपाटालाच हळूहळू वाचनालयाचं रूप आलं. नेलेल्या पुस्तकांची वही ठेवतो. आधी तीत फक्त नाव आणि तारीख असे. पुढे ‘कुठे थांबले’ आणि ‘काय म्हणाले’ असे दोन रकाने वाढवले. समीक्षेचं रीतसर शिक्षण मला नाही; जे काही शिकलो ते या दोन रकान्यांतून.

‘नवं काय वाचू?’ या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं आहेत. एक, पुरस्कारांची यादी. दुसरं, विषयाची चिठ्ठी : ही ग्रामीण, ही दलित, ही महानगरी, ही विस्थापितांची. पहिलं उत्तर तितकंसं वाईट नाही. २०१२ साली जयंत पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ला साहित्य अकादमी मिळाला, २०१६ला आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला, २०२१ला किरण गुरव यांच्या ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ला. हे तिन्ही कथासंग्रह आहेत. कथा संपली म्हणून गळा काढणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. माझी तक्रार आहे ती दुसऱ्या उत्तराबद्दल, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ती मी हमरापूरकडच्या एका गणपतीच्या कारखान्यात आखणी करणाऱ्या गृहस्थांना दिली. वाचणारा माणूस. रस्त्याकडेची जमीन गेलेली. धरणामुळे उठलेलं गाव, मागे रानात राहिलेली म्हैस आणि तिला आणायला परत जाणारा माणूस, असं कथानक. मला वाटलं, यांना त्यात आपलंच काही सापडेल. नव्वदाव्या पानाच्या आसपास थांबून त्यांनी पुस्तक परत केलं. म्हणाले, “माजी म्हस काय रानान नाय रायली, दादा. मी इकली. जमीन पन इकली.”

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. आमच्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये महामुंबई सेझवर सरकारनं लोकांचं मत घेतलं होतं. त्या वेळचा विरोध सगळ्यांना आठवतो. पण सक्तीनं गेली नाही ती जमीन नंतर दस्त करून, साठेखत करून, गुंठ्या-गुंठ्यानं गेली. त्यात कोणी उठवलं नाही, पोलीस आले नाहीत. भाव ठरला, घर बांधलं, गाडी आली. अशा माणसाला ‘विस्थापितांची व्यथा’ म्हणून पुस्तक देणं म्हणजे त्याच्या वतीनं आपणच रडून घेणं.

मग ‘रिंगाण’ची शिफारस करू नये का? जरूर करावी, पण वेगळ्या कारणासाठी. माणसाची सोबत सुटलेलं जनावर पुन्हा रानटी होतं आणि त्याला माघारी आणू पाहणारा माणूसही त्याच्यासारखाच होत जातो. या कादंबरीचं खरं बळ तिथे आहे. धरण हे निमित्त. पाठलागाचा भाग मला जरा लांबलेला वाटतो, आणि कोल्हापूरकडची बोली आमच्या आगरी कानाला पहिली तीस-चाळीस पानं परकी लागते. वाचकाला हे आधी सांगावं. मी सांगितलं नव्हतं.

त्याच गृहस्थांना नंतर देवीदास सौदागर यांची ‘उसवण’ दिली (२०२४ची युवा पुरस्कारप्राप्त). विषय काय, ते सांगितलं नाही. तयार कपड्यांच्या लाटेत शिवणकाम हातचं जाणारा शिंपी, छोटेखानी कादंबरी. लेखकानं स्वतः शिवणकाम केलेलं आहे आणि ते पानोपानी कळतं. ती त्यांनी हंगामाच्या ऐन गर्दीत वाचली. यात उमाळे कमी आहेत. कामाचा हिशेब आहे, उधारी आहे, बसून आखडलेली पाठ आहे. डोळ्यांची आखणी करणाऱ्याला ती पाठ ओळखीची वाटली असणार. ‘काय म्हणाले’ या रकान्यात मात्र एकच शब्द आहे : “बराबर.”

जमिनीच्या प्रश्नाला सगळ्यात जवळ जाणारं पुस्तक मला गावाकडच्या लेखनात मिळालं नाही. ते जयंत पवारांच्या गिरणगावात मिळालं. १९८२चा संप, पुढे गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मॉल, आणि त्यांच्या सावलीत राहणारी माणसं. पवार या माणसांना बिचारी ठरवत नाहीत. त्यांचा लोभ, त्यांची लबाडी, नव्या चकाकीची त्यांना पडलेली भूल, सगळं कथेत येऊ देतात. विकणारा आणि लुटला गेलेला एकाच घरात, कधी एकाच अंगात असतो, हे त्यांना ठाऊक होतं. २०२१मध्ये ते गेले. त्यांच्या कथा लांब आहेत, पहिल्या बैठकीत दोन वाचू नयेत.

कोकणातून प्रवीण बांदेकर यांची ‘चाळेगत’ या वाटेवर बरीच पुढे गेलेली आहे. अकादमी मिळाली ती ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ला, २०२२ साली, पण नव्या वाचकाला मी आधी ‘चाळेगत’ देतो. बाहुल्यांच्या खेळाची चौकट रचनेच्या दृष्टीनं अधिक धाडसी असली, तरी तिची सवय व्हायला वेळ लागतो आणि मध्येच लेखकाचा हात दोऱ्यांवर दिसतो. ‘चाळेगत’मध्ये तळकोकणातली माणसं आधी बोलतात, प्रश्न मागून येतो.

तरी खारेपाटातल्या, दस्तावर सही करणाऱ्या माणसाची कादंबरी मला अजून भेटलेली नाही. ते गृहस्थ गेल्या महिन्यात पुन्हा आले होते, रंगाचे हात तसेच. विचारत होते, “तसला काय नवा आला का?” मी पवारांचा संग्रह दिला आणि शीर्षककथेच्या पानावर खूण घातली. वहीतले पुढचे दोन्ही रकाने अजून कोरे आहेत.